गायनाचार्य पंडित भास्करबुवा बखले

महाराष्ट्रात ज्यांनी संगीताची सेवा केली, त्यांच्या नामावळीत पंडित भास्करबुवा बखले यांचे नाव फार वरचे आहे. रसिकजन त्यांना देवगंधर्व म्हणत. मोठमोठे गवई त्यांच्या गाण्याला मान देत आणि त्यांचे शिष्य पुढे स्वतः कीर्तिमान झाले. तथापि ज्या आवाजाने ही कीर्ती मिळवली, त्या आवाजाची एकही ध्वनिमुद्रिका आज उपलब्ध नाही. मग बुवांचे असे काय उरले, की ज्यामुळे त्यांच्या मृत्यूला शंभराहून अधिक वर्षे लोटल्यावरही त्यांचे नाव आदराने घ्यावे? या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या चरित्रातच आहे. विद्यार्थिमित्रांसाठी ते चरित्र आम्ही येथे थोडक्यात सांगत आहोत.

भास्कर रघुनाथ बखले यांचा जन्म 17 ऑक्टोबर 1869 रोजी गुजरातेत, सुरतेजवळच्या कठोर या गावी झाला. घरची स्थिती गरिबीची होती. बालपणी ते बडोद्यास आले व तेथे कीर्तनकार पिंगळेबुवांकडे त्यांच्या गाण्याचा श्रीगणेशा झाला. मुलाचा गळा गोड होता. त्या काळी अण्णासाहेब किर्लोस्कर यांच्या नाटक मंडळीने साऱ्या महाराष्ट्राला संगीत नाटकाचे वेड लावले होते, आणि गोड गळ्याच्या मुलांना स्त्रीभूमिकांसाठी मंडळीत मागणी असे. भास्कर मंडळीत दाखल झाला. ‘रामराज्यवियोग’ या नाटकात त्याने कैकेयीची भूमिका केली. नाटक 1884 साली रंगभूमीवर आले, तेव्हा त्याचे वय अवघे पंधरा वर्षांचे होते. किराणा घराण्याचे थोर बीनकार बंदे अली खाँ यांची दृष्टी या मुलाकडे वळली व त्यांच्याकडून त्याला थोडीफार तालीमही मिळाली.

परंतु पंधरा-सोळाव्या वर्षी मुलांचा आवाज फुटतो, हा निसर्गाचा नियम आहे. भास्करचाही आवाज फुटला. ज्या गळ्यासाठी त्याला मंडळीत स्थान होते, तोच गेला! आमच्या वाचकांपैकी अनेकजण याच वयाचे आहेत. आपल्याजवळ जे एकच धन आहे, ते अकस्मात नाहीसे झाले, तर मनाची अवस्था काय होईल, याची कल्पना त्यांनी करून पाहावी. दुसरा एखादा मुलगा गाण्याचा नाद सोडून पोटापाण्याच्या मार्गाला लागला असता. भास्करने मंडळी सोडली, पण गाणे सोडले नाही. गळा देवाने दिला होता, विद्या मात्र आपणच मिळवली पाहिजे, अशा निश्चयाने तो बडोद्यास परतला व ग्वाल्हेर परंपरेचे गवई फैज महंमद खाँ यांच्या चरणी बसला.

त्या काळची गुरुसेवा म्हणजे आजची शाळा नव्हे. तेथे वेळापत्रक नसे, पाठ्यपुस्तक नसे. शिष्याने गुरुगृहीची पडतील ती कामे करावी, गुरूच्या मर्जीची वाट पाहावी आणि मिळेल तेवढी चीज शेकडो वेळा घोकून गळ्यावर चढवावी, अशी ती रीत होती. भास्करबुवांनी हे सर्व श्रद्धेने केले. पुढे त्यांनी आग्रा घराण्याचे नामांकित गायक नत्थन खाँ यांचे शिष्यत्व पत्करले आणि लयकारीचे शिक्षण घेतले. नत्थन खाँ 1901 साली निवर्तले.

बुवा आता स्वतः आचार्यपदाला पोहोचले होते. धारवाडच्या ट्रेनिंग कॉलेजात ते संगीतशिक्षक होते आणि दूरदूरच्या मैफलींची निमंत्रणे त्यांना येत असत. असे असूनही त्यांनी तिसरा गुरू केला. कोल्हापूर दरबारचे गायक अल्लादिया खाँ यांची गायकी ऐकून, आपल्याला अजून पुष्कळ शिकावयाचे आहे, हे त्यांनी ओळखले व पुन्हा शिष्य होऊन ते त्यांच्यापुढे बसले. शिक्षकाने पुन्हा विद्यार्थी व्हावे, याला मोठे मन लागते. आम्ही शिक्षकांनी तर हा प्रसंग नित्य ध्यानात ठेवावा असा आहे. आणखी एक गोष्ट येथे नमूद केली पाहिजे. ब्राह्मण कुळात जन्मलेल्या या गृहस्थाचे हे सारे उस्ताद मुसलमान होते. विद्या जेथे असेल तेथे नम्रतेने जावे, देणाऱ्याची जात वा धर्म पाहू नये, हा धडा बुवांनी व्याख्यान न देता, केवळ आचरणाने शिकवला.

अशा रीतीने तीन घराण्यांची विद्या बुवांच्या ठायी एकत्र आली. महाराष्ट्र, कर्नाटक, पंजाब, सिंध अशा दूरवरच्या प्रांतांत त्यांचे गाणे गाजले. जालंधरच्या हरवल्लभ संगीत मेळाव्यातही त्यांनी मान मिळवला. परंतु मिळालेले ज्ञान पेटीत कुलूपबंद करून ठेवणे त्यांच्या स्वभावात नव्हते. 1911 साली त्यांनी पुण्यात भारत गायन समाजाची स्थापना केली. सामान्य घरातील मुलांनाही पद्धतशीर गायन शिकता यावे, हा त्यामागील हेतू होता. गोविंदराव टेंबे, बालगंधर्व, मास्टर कृष्णराव, दिलीपचंद्र वेदी असे एकाहून एक सरस कलावंत बुवांना गुरुस्थानी मानत.

संगीतकार म्हणून बुवांचे मोठे कार्य रंगभूमीवर झाले. ज्या रंगभूमीवरून त्यांना मुलगा असताना बाहेर पडावे लागले, तीवर ते आता आचार्य म्हणून परतले. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे ‘स्वयंवर’ नाटक गंधर्व नाटक मंडळीने 10 डिसेंबर 1916 रोजी रंगभूमीवर आणले. त्यातील पदांना बुवांनी चाली दिल्या. मैफलीत जे ख्याल जाणकारच ऐकत, त्यांच्या बंदिशींचे स्वर घेऊन त्यांत मराठी शब्द बसवले गेले. ‘नाथ हा माझा’ हे पद यमन रागात, ‘मम आत्मा गमला’ हे बिहागात, तर ‘स्वकुलतारक सुता’ हे भीमपलासात आहे. रागदारीचा गंधही नसलेला प्रेक्षक नाटक पाहून घरी जाताना यमन-बिहाग गुणगुणू लागला. पुढे 1920 साली आलेल्या ‘द्रौपदी’ नाटकालाही बुवांचेच संगीत होते. यानंतर दोनच वर्षांनी, 8 एप्रिल 1922 रोजी, पुण्यात त्यांचे देहावसान झाले. त्यांचे वय तेव्हा अवघे बावन्न वर्षांचे होते.

आता ध्वनिमुद्रणाविषयी थोडे सांगतो. ग्रामोफोन कंपनीने हिंदुस्थानात पहिले ध्वनिमुद्रण 1902 साली कलकत्त्यास केले. 1925 पर्यंत विजेवर चालणारा ध्वनिग्राहक वापरात नव्हता. गाणाऱ्याने मोठ्या कर्ण्यासमोर तोंड करून मोठ्याने गावे, त्या आवाजाच्या आघाताने सुई हलून मेणाच्या तबकडीवर रेषा कोरावी, व तिच्या साच्यावरून लाखमिश्रित काळ्या तबकड्या काढाव्या, असा तो प्रकार होता. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावत असे. जो गवई एकच राग तास-दीड तास फुलवीत असे, त्याला ही जागा फार अपुरी होती. तरीही बुवांच्या समकालीनांपैकी अब्दुल करीम खाँ, रामकृष्णबुवा वझे यांचे आवाज तबकड्यांमुळे आपल्याला ऐकावयास मिळतात. भास्करबुवांचा व त्यांचे गुरू अल्लादिया खाँ यांचा मात्र नाही. जुहूच्या ओल्या वाळूवर उमटलेली पावले जशी भरतीने पुसली जातात, तसे ते गाणे श्रोत्यांबरोबर विरून गेले. ही हानी खरी आहे आणि ती भरून येणारी नाही.

परंतु बुवांच्या चाली उरल्या. बालगंधर्वांनी ‘स्वयंवर’मधील पदे गायिली व त्यांच्या तबकड्या निघाल्या. ज्या गावी नाटक मंडळी कधी पोहोचली नाही, तेथेही कर्ण्याच्या पेटीतून ही पदे पोहोचली. नाटकात वारंवार ‘वन्स मोअर’ घेऊन रंगणारे पद तबकडीवर थोडक्यात आटोपावे लागे. तरीही चालीची बांधणी अशी पक्की, की पहिल्या दोन ओळींतच रागाचे रूप समोर उभे राहते. तबकडीवरचा गळा बालगंधर्वांचा आहे, हरकती त्यांच्या आहेत, हे विसरून चालणार नाही. पण त्या गळ्याला वाट दाखवणारा गुरू तेथे अदृश्य रूपाने हजर असतो. पुढे मास्टर कृष्णरावांनी हाच वारसा ‘कान्होपात्रा’ नाटकात व प्रभातच्या ‘माणूस’ (1939) आणि ‘शेजारी’ (1941) या बोलपटांत नेला, आणि भारत गायन समाजाचे कार्यही निष्ठेने चालवले.

वाचकहो, आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर आता उघड आहे. बुवांनी जे स्वतःपुरते ठेवले असते, ते 1922 सालीच त्यांच्याबरोबर गेले असते. जे दुसऱ्याच्या गळ्यात घातले, तेवढेच वाचले. प्रभू येशूने सांगितलेल्या दृष्टांतात धन्याने सोपवलेले धन जमिनीत पुरून ठेवणारा चाकर दोषी ठरतो, आणि ते व्यवहारात घालून वाढवणारा धन्याच्या आनंदात सहभागी होतो. भास्करबुवा त्या दुसऱ्या चाकराच्या पंक्तीत बसतात, असे आम्हांस वाटते.

पालकांस एक विनंती आहे. आपल्या मुलाचा गळा आज गोड नसेल, किंवा कालपर्यंत गोड असलेला आज फुटला असेल, तर एवढ्यावरून त्याची पेटी व तंबोरा माळ्यावर टाकू नका. कठोर गावच्या त्या मुलाची खरी साधना आवाज फुटल्यानंतरच सुरू झाली. आणि विद्यार्थ्यांनो, आज हवे ते गाणे क्षणात ऐकण्याची सोय तुमच्या हाताशी आहे. एखाद्या संध्याकाळी ‘नाथ हा माझा’ ही जुनी मुद्रिका शांतपणे ऐका. तबकडीची खरखर प्रथम कानाला टोचेल, पण धीर धरा. त्या खरखरीपलीकडे एका गुरूने शिष्याच्या हाती सोपवलेला यमन तुमची वाट पाहत आहे.