पुण्यश्लोक अहिल्यादेवी : दुःखातील कृतज्ञता

नाशिकहून आग्रा रस्त्याने उत्तरेस निघालेल्या प्रवाशास चांदवड येथे होळकरांचा रंगमहाल दिसतो. हाच रस्ता पुढे माळव्यात जातो. ती वास्तू पाहून अहिल्यादेवींचे वैभव मनात भरते. त्यांच्या घरातील दुःखाचा मात्र विसर पडतो. आमच्या धनगर समाजातील कुटुंबांपुढे आज तीच बाजू ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

चौंडी येथे माणकोजी शिंदे यांच्या पोटी १७२५ साली देवींचा जन्म झाला. मल्हारराव होळकरांच्या घरी त्या सून होऊन आल्या. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव तोफेच्या गोळ्याने पडले. सहगमनास सिद्ध झालेल्या सुनेस मल्हाररावांनी विनवून परत फिरविले व राज्यकारभारात तयार केले. १७६६ मध्ये तो पितृतुल्य आधार गेला. दुसऱ्याच वर्षी एकुलता पुत्र मालेराव निवर्तला. पुढे नातू नथ्याबा ऐन तारुण्यात गेला. १७९१ मध्ये जामात यशवंतराव फणसे वारले आणि कन्या मुक्ताबाई सती गेली. ज्या सुनेने सासऱ्यांची विनवणी मानली होती, त्याच मातेची विनवणी कन्येने मानली नाही!

इतके आघात सोसूनही देवींनी ईश्वरास बोल लावला नाही. राज्य शंकराचे, आपण केवळ सेवेकरी, या भावनेने त्या श्रीशंकराच्या नावाने आज्ञापत्रे काढीत. काशीविश्वेश्वराचे मंदिर १७८० मध्ये उभे राहिले. देशभर घाट, विहिरी, धर्मशाळा व अन्नछत्रे झाली. या दानधर्मास त्यांनी दौलतीच्या पैशास हात न लावता आपली खासगी वेचली. महेश्वरी विणकरांस आश्रय दिला. मुक्ताबाईंच्या मागेही चार वर्षे त्यांनी प्रजेची दाद ऐकण्याचे व्रत सोडले नाही. १३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वर येथे त्यांनी देह ठेविला.

ईश्वरावरील श्रद्धेने त्यांचे दुःख टळले नाही, हे आम्ही मुद्दाम सांगतो. गेले त्याचा शोक त्यांनी केलाच. परंतु जे हाती उरले ते देवाचे देणे मानून इतरांस वाटले. त्यांच्या जन्मास २०२५ साली ३०० वर्षे पूर्ण झाली. ज्या घरी आज कोणाची जागा रिकामी झाली आहे, त्या घरास या चरित्रातून धीर लाभो, हीच श्रीचरणी प्रार्थना.