पाण्याखालचा श्वास : झाक-इव्ह कुस्तो

रविवारी फ्लिक-आँ-फ्लाकच्या किनाऱ्यावर गेले की पाठीवर टाकी बांधून होडीत चढणारी मंडळी हमखास दिसतात. पूर्वी आपल्या बेटावरचा कोळी छातीत मावेल तेवढा श्वास भरून बुडी मारी, आणि तो संपला की वर येई. आज माणूस प्रवाळातल्या माशांमध्ये तासभर निवांत हिंडतो. ही सोय ज्या उपकरणामुळे झाली त्याच्याशी झाक-इव्ह कुस्तो या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याचे नाव कायमचे जोडले गेले आहे. त्यांचे चित्रपट आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असतील. पण ते उपकरण कसे घडले, त्याच्या पेटंटचे काय झाले आणि श्वासाच्या वायूत जराशी चूक झाली तर कोणती किंमत मोजावी लागते, ही हकीगतही जाणून घेण्यासारखी आहे.

कुस्तो यांचा जन्म ११ जून १९१० रोजी फ्रान्समधील सँ-आंद्रे-द-क्युब्झाक या गावी झाला. नौदलात शिरल्यावर त्यांना वैमानिक व्हायचे होते. पण १९३६ मध्ये मोटार अपघातात त्यांचे दोन्ही हात मोडले आणि ते स्वप्न संपले. हातांना बळ यावे म्हणून ते तूलाँजवळच्या समुद्रात पोहू लागले. त्याच वर्षी पाण्यात घालायचा चष्मा त्यांना मिळाला. पाण्याखालचे जग एकदा स्वच्छ दिसल्यावर तेथे जास्त वेळ कसे राहता येईल, याचाच ध्यास त्यांनी घेतला.

पहिले यंत्र त्यांनी घरगुतीच करवून घेतले. ‘स्युफ्राँ’ या युद्धनौकेवरील बंदुकांच्या कारागिराने गॅस-मास्कचा डबा, मोटारसायकलच्या ट्यूबचा तुकडा आणि प्राणवायूची लहान बाटली जोडून ते तयार केले. चौदा मीटरपर्यंत शुद्ध प्राणवायू निर्धोक असतो, अशी तेव्हा समजूत होती. त्या खोलीवर कुस्तो यांना झटके आले आणि कमरेचे वजन सोडून ते कसेबसे वर आले. यंत्रात सुधारणा करून १९३९ मध्ये ते पुन्हा उतरले. पुन्हा झटके आले, आणि या वेळी ते बुडता बुडता वाचले. दोष यंत्रात नव्हताच. जमिनीवर प्राण देणारा वायू दाबाखाली मज्जासंस्थेवर विषासारखा परिणाम करतो. आज शुद्ध प्राणवायू घेऊन सहा मीटरांखाली जाऊ नये असे शिकवतात, ते अशाच अनुभवांतून.

तेव्हा कुस्तो साध्या दाबलेल्या हवेकडे वळले. त्यांची पत्नी सिमोन हिचे वडील ‘एअर लिक्विड’ या वायू बनवणाऱ्या मोठ्या कंपनीत अधिकारी होते. त्या ओळखीने डिसेंबर १९४२ मध्ये पॅरिसला एमिल गान्याँ या इंजिनियरशी त्यांची गाठ पडली. जर्मनांनी पेट्रोल ताब्यात घेतल्यामुळे मोटारी गॅसवर चालवण्याची वेळ आली होती, आणि इंजिनाला हवा तेवढाच गॅस पुरवणारी एक झडप गान्याँ यांनी बनवली होती. माणसाच्या फुप्फुसालाही असाच मागेल तेवढा पुरवठा हवा होता!

१९४३ च्या जानेवारीत मार्न नदीच्या थंडगार पाण्यात पहिली चाचणी झाली. उभे राहिले की हवा वाया जाई आणि डोके खाली केले की श्वास घेणे कठीण होई. विचार करता कारण सापडले. उच्छ्वास बाहेर सोडणारी झडप हवा आत घेणाऱ्या भागापेक्षा वर होती, त्यामुळे दोन्हीकडे पाण्याचा दाब सारखा राहत नव्हता. दोन्ही शेजारी आणल्या आणि अडचण दूर झाली. त्याच वर्षी पेटंटसाठी अर्ज झाला, आणि जूनमध्ये कुस्तो भूमध्य समुद्रात मोकळेपणाने पोहू लागले.

यात नवे किती होते, असा प्रश्न कोणी विचारील. मागणीप्रमाणे हवा देणाऱ्या झडपेचे पेटंट खाण-अभियंता रुकेरोल यांनी १८६० मध्येच घेतले होते. पुढे नौदलातील देनेरूझ यांच्या मदतीने ती पाणबुड्यांसाठी वापरली गेली. झॉर्झ कोमेन यांनी १९४२ मध्ये आपल्या यंत्राचे पेटंट घेतले होते. पण १९४४ मध्ये स्ट्रासबुर्गच्या लढाईत ते मारले गेले. पेटंट कल्पनेला मिळत नसते, ते एका विशिष्ट रचनेला मिळते, आणि त्या रचनेमागे कारखाना उभा राहिला तरच ती जगभर जाते. कुस्तो-गान्याँ यांच्या मागे ‘एअर लिक्विड’ होती. तिने १९४६ मध्ये त्यासाठी वेगळी कंपनी काढली, आणि १९४९ मध्ये अमेरिकेचे पेटंटही मिळाले.

या पेटंटची झळ इतरांना लागली. ऑस्ट्रेलियात टेड एल्ड्रेड नावाच्या कारागिराने त्यातून वाट काढण्यासाठी निराळी रचना केली : एक भाग टाकीवर, दुसरा तोंडाशी, आणि मध्ये एकच नळी. १९५२ पासून ती विकली जाऊ लागली. आज जवळजवळ सगळे पाणबुडे हीच रचना वापरतात. पण एल्ड्रेडने स्वतः पेटंट घेतले नाही, आणि शेवटी त्याचा धंदा त्याच फ्रेंच कंपनीच्या हाती गेला. इंग्लंडमध्ये हौशी तरुणांना तयार यंत्र परवडत नसे. त्यांनी लढाऊ विमानांच्या जुन्या टाक्या आणि घरगुती गॅसचे रेग्युलेटर जोडून आपापली यंत्रे केली.

तथापि कुस्तो यांच्या आयुष्यातील मोठे धडे वायूनेच दिले. २७ ऑगस्ट १९४६ रोजी ते आणि त्यांचे मित्र द्युमा व्होक्लूझच्या खोल झऱ्यात उतरले. खाली दोघांनाही नशा चढल्यासारखे झाले, हातपाय ऐकेनात. वर दोर धरून बसलेल्या मोरिस फार्ग यांनी ओढून घेतले म्हणून ते वाचले. नंतर कळले की हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरने स्वतःचाच धूर आत ओढला होता. टाकीत कार्बन मोनॉक्साइड गेला होता. तोही फार थोडा, पण दाबाखाली तेवढाच पुरेसा होता. पुढच्याच वर्षी हेच फार्ग साध्या हवेवर १२० मीटर खोल गेले आणि जिवंत परतले नाहीत. इतक्या खोलीवर हवेतील नत्रवायूच माणसाची शुद्ध हरवतो. मित्रांना ओढून काढणाऱ्याला ओढून काढता आले नाही.

हा घाव कुस्तो विसरले नाहीत. १९६५ मध्ये सहा माणसे समुद्रात शंभर मीटर खोल एका घरात तीन आठवडे राहिली, तेव्हा त्यांना हेलियममध्ये सुमारे दोन टक्के प्राणवायू मिसळून दिला होता. तेथील अकरापट दाबाखाली तेवढा प्राणवायू जमिनीवरच्या हवेइतकाच होतो. मधल्या काळात १९५६ चा त्यांचा चित्रपट जगभर गाजला होता; त्याचे काही चित्रण आपल्या शेजारच्या सेशेल्समधील असम्प्शन बेटावर झाले आहे. २५ जून १९९७ रोजी पॅरिस येथे ८७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यांचे पेटंट केव्हाच संपले. आज काही हौशी पाणबुडे घरच्या घरी वायू मिसळतात. नळीत आडवे पडदे बसवून तीत हवा आणि प्राणवायू एकत्र करतात, आणि ३२ टक्के प्राणवायूचे मिश्रण कॉम्प्रेसरला देतात. अशा यंत्रावर कोणाचे पेटंट तर नाही ना, ही चिंता त्यांना असते, आणि ती रास्त आहे. ब्रिटनमध्ये स्वतःच्या खाजगी वापरासाठी वस्तू बनवण्याची मोकळीक आहे; अमेरिकेत नुसते बनवणेही हक्कभंग ठरते. पण पेटंटची मुदत साधारण वीस वर्षांची असते. वायूच्या नियमांना मुदत नाही. नळीत तेलाचा अंश राहिला तर प्राणवायूत भडका उडतो. मिश्रण मोजले नाही तर खाली झटके येतात. आपल्या घरातला कोणी तरुण या छंदात पडला असेल, तर त्याला कुस्तोंबरोबरच फार्ग यांचीही गोष्ट सांगावी. टाकीत काय भरले आहे ते मोजल्याशिवाय त्याने पाण्यात पाऊल टाकू नये.