वसईचे रक्तसाक्षी संत गोन्सालो गार्सिया : क्रुसावरील एका देहाची कहाणी

दरवर्षी ६ फेब्रुवारीला ख्रिस्तसभा जपानच्या २६ रक्तसाक्षींचे स्मरण करते. त्यांतील एक आपल्या महाराष्ट्राचे सुपुत्र होते. सातपुड्याच्या बाजूला वसलेल्या आमच्या हिवरखेडपासून वसई दूर असली, तरी त्यांचा देह याच मराठी मातीत वाढला. तो देह क्रुसावर कसा गेला, हे आम्ही येथे सांगू इच्छितो. कारण क्रुसाला वंदन करताना त्यावरील देहाच्या वेदनेचा आपल्याला अनेकदा विसर पडतो.

गोन्सालो यांचा जन्म १५५६ च्या सुमारास वसई येथे झाला. वडील पोर्तुगीज, तर आई याच भूमीतील होती. येशूसंघीय धर्मगुरूंच्या छायेत त्यांचे शिक्षण झाले आणि किशोरवयातच ते त्यांच्यासोबत जपानला गेले. तेथील भाषा त्यांनी आत्मसात केली आणि अनेक वर्षे धर्मशिक्षकाचे कार्य केले. येशूसंघात प्रवेश मिळण्याची त्यांची इच्छा मात्र अपुरी राहिली. मग ते व्यापारात शिरले. त्यात जमही बसला. परंतु मन रमले नाही. मनिला येथे त्यांनी फ्रान्सिस्कन संघात व्रतस्थ बंधू म्हणून प्रवेश केला.

१५९३ मध्ये फादर पेद्रो बाप्तिस्ता यांच्यासोबत ते दुभाषी म्हणून पुन्हा जपानला आले. सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी यांच्यापुढे या मंडळींचे म्हणणे मांडण्याचे काम त्यांच्याकडे होते. क्योतो येथे या संघाने कुष्ठरोग्यांची सेवाही केली. १५९६ मध्ये सान फेलिपे नावाचे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला लागले. त्यातून संशय वाढला आणि हिदेयोशी यांनी अटकेचा हुकूम काढला.

जानेवारी १५९७ च्या आरंभी क्योतो येथे बंदिवानांच्या डाव्या कानाचा भाग कापण्यात आला व त्यांची धिंड काढण्यात आली. नंतर कडाक्याच्या थंडीत त्यांना नागासाकीकडे नेण्यात आले. हे अंतर सुमारे ८०० किलोमीटर, म्हणजे हिवरखेडहून वसईला जाण्यापेक्षाही अधिक. हा प्रवास जवळजवळ चार आठवडे चालला. कानाची जखम, उपासमार, थंडी आणि थकवा यांनी देह क्रुसापर्यंत पोहोचण्यापूर्वीच खचला असणार. वाटेत आणखी दोघांची भर पडून संख्या २६ झाली : २० जपानी, ४ स्पॅनिश, एक मेक्सिकोचे आणि एक वसईचे. सर्वांत लहान लुईस इबाराकी केवळ १२ वर्षांचा होता.

५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर क्रूस उभारले गेले. तेथे खिळे ठोकले नाहीत; दोर व लोखंडी कड्यांनी मान, मनगटे आणि घोटे क्रुसाला जखडले. देहाचा भार पेलण्यासाठी मधोमध आधार असे. त्यामुळे मृत्यू टांगले जाण्याने नव्हे, तर भाल्यांनी आला. दोन्ही बाजूंनी बरगड्यांखालून वर, विरुद्ध खांद्याच्या दिशेने भाले खुपसले जात. अशा घावाने फुप्फुसे व हृदय फाटतात, छातीच्या पोकळीत रक्त साचते, श्वास कोंडतो, रक्तदाब कोसळतो आणि थोड्याच वेळात शुद्ध हरपते.

प्रभू येशूचे मरण याहून दीर्घ होते. फटक्यांनी आधीच रक्त गेलेले, हातापायांत खिळे आणि क्रुसावर कित्येक तास. योहानाच्या शुभवर्तमानानुसार भाल्याचा घाव मरणानंतर झाला. वैद्यकशास्त्रात या मृत्यूच्या कारणाविषयी एकमत नाही. फ्रेंच शल्यविशारद पिएर बार्बे यांनी गुदमरण्यावर भर दिला : हात वर ताणलेले असता छातीचे स्नायू आखडतात आणि घेतलेला श्वास बाहेर सोडणे कठीण होते. अमेरिकेचे डॉ. फ्रेडरिक झुगीबे यांनी प्रयोगांच्या आधारे हे मत अमान्य केले. आघात व रक्तस्राव यांनी रक्ताभिसरण कोसळणे हे त्यांनी प्रमुख कारण मानले. १९८६ मध्ये अमेरिकन डॉक्टरांच्या एका लेखात ही दोन्ही कारणे एकत्र मांडली गेली.

गोन्सालो यांच्या क्रुसावरील शेवटच्या घटका थोड्या होत्या. त्यामागची वाट मात्र लांब होती. त्या वाटेवरचे प्रत्येक पाऊल जखमी देहाने टाकलेले होते. श्रद्धेने त्यांची वेदना पुसून टाकली नाही. ती सोसण्याचे बळ दिले, असे आम्ही मानतो.

पोप उर्बन आठवे यांनी १६२७ मध्ये त्यांना धन्यवादित घोषित केले आणि ८ जून १८६२ रोजी पोप पायस नववे यांनी संतपद बहाल केले. भारतात जन्मलेल्यांपैकी हा मान मिळवणारे ते पहिले ठरले.

यंदा क्रुसाच्या वाटेची भक्ती करताना आपण प्रत्येक स्थानापाशी क्षणभर थांबू या आणि आपल्या घरी, शेजारी वा दवाखान्यात दीर्घकाळ वेदना सोसणाऱ्या एखाद्या माणसाचे स्मरण करू या. शक्य असल्यास त्याच्या खाटेपाशी जाऊन बसू या. कुष्ठरोग्यांची सेवा करणाऱ्या संघातील या संताचे तेच खरे स्मरण होईल.

संत गोन्सालो गार्सिया, आम्हांसाठी विनंती करा.