११४ विकेट्स, तरी कप्तानी नाही!

दोस्तांनो, आयपीएल संपली की पर्पल कॅपवरून कोपरगावातले आपले कट्टे तासन्‌तास भांडतात. आता जरा १९११ च्या सीझनकडे या. सगळ्या धर्मांच्या खेळाडूंचा भारतीय संघ तेव्हा पहिल्यांदाच इंग्लंडला गेला. पतियाळाचे महाराजा कप्तान, मॅचेस २३, त्यातल्या १५ हरलो. तरी एका माणसाने ११४ विकेट्स काढल्या. पालवणकर बाळू. डावखुरे फिरकी बोलर, वय पस्तिशीच्या आसपास!

त्याआधी पुण्यात गोऱ्यांच्या जिमखान्यात महिना चार रुपयांवर ते पिच रोल करायचे, नेट लावायचे आणि साहेबांना तासन्‌तास बोलिंग टाकायचे. बॅट मात्र कुणी हातात दिली नाही; बॅटिंग म्हणे साहेबांनीच करायची. पुढे हिंदूंच्या क्लबने त्यांना घेतलं, कारण युरोपियनांना हरवायचं होतं. मैदानात त्यांनी टाकलेला बॉल सगळे हाताळायचे. चहाला मात्र बाळू पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. कारण जात चांभाराची. वाचून डोकं फिरतं ना? फिरायलाच हवं.

इंग्लंड गाजवून आल्यावर सत्कार झाले. हिंदू संघाची कप्तानी? ती कधीच नाही. १९२३ मध्ये ती धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळाली आणि संघ जिंकला. १९३७ च्या निवडणुकीत बाळू थेट डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले, हरले. १९५५ मध्ये ते गेले.

आणखी एक भाऊ शिवराम. त्याच दौऱ्यात सॉमरसेटविरुद्ध शतक ठोकून त्यांनी मॅच काढली होती. त्यांच्यावर पुन्हा कधीतरी.