मातीतील अदृश्य श्रमिकांचा शोधक

अंबाजोगाईच्या काळ्या रानात तूर, हरभरा वा सोयाबीन पेरण्यापूर्वी शेतकरी बियाण्यास रायझोबियमचे जिवाणूखत चोळतात. या बीजप्रक्रियेमागे मार्टिनस बायेरिंक या डच शास्त्रज्ञाचे संशोधन आहे.

१८५१ मध्ये ॲम्स्टरडॅम येथे जन्मलेल्या बायेरिंक यांचे बालपण, तंबाखूचे व्यापारी असलेल्या वडिलांचे दिवाळे निघाल्याने, हलाखीत गेले. १८८५ मध्ये ते डेल्फ्ट येथील यीस्टच्या कारखान्यात रुजू झाले. तेथेच १८८८ मध्ये त्यांनी द्विदल पिकांच्या मुळांवरील गाठींतून नत्र स्थिर करणारे जिवाणू वेगळे काढले. १९०१ मध्ये मातीत स्वतंत्रपणे हे कार्य करणारा ॲझोटोबॅक्टर त्यांनी शोधला. नत्राच्या अभावीही वाढणाऱ्या निळ्या-हिरव्या शेवाळाकडेही लक्ष वेधले. हे शेवाळ भातखाचरांना नत्र पुरविते, हे पी. के. डे यांनी १९३९ मध्ये भारतीय मातीच्या आधारे दाखवून दिले.

ते पाहण्यास बायेरिंक हयात नव्हते. आजन्म अविवाहित राहून प्रयोगशाळेलाच संसार मानणाऱ्या या शिस्तप्रिय प्राध्यापकाचे १ जानेवारी १९३१ रोजी निधन झाले. महागड्या खतांचा भार पेलू न शकणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्यास मात्र त्यांचे ऋण आजही लाभत आहे.