होमी जहांगीर भाभा

होमी जहांगीर भाभा (३० ऑक्टोबर, १९०९ : मुंबई – २४ जानेवारी, १९६६ : माँ ब्लाँ, आल्प्स पर्वत) हे भारतीय भौतिकशास्त्रज्ञ आणि भारताच्या अणुऊर्जा कार्यक्रमाचे शिल्पकार होते. मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि तुर्भे येथील अणुसंशोधन केंद्र या दोन्ही संस्था त्यांनी स्थापन केल्या. जिनिव्हा विमानतळाकडे उतरू लागलेल्या एर इंडियाच्या विमानाचा वैमानिक आणि जमिनीवरील रडार नियंत्रक यांच्यात विमानाच्या जागेविषयी गैरसमज झाला व त्यातून घडलेल्या अपघातात वयाच्या ५६व्या वर्षी भाभांचा मृत्यू झाला.

बालपण आणि शिक्षण

भाभांचा जन्म मुंबईतील एका सुशिक्षित पारशी कुटुंबात झाला. वडील जहांगीर होरमसजी भाभा हे वकील होते, तर आजोबा होरमसजी भाभा म्हैसूर संस्थानात शिक्षण खात्याचे वरिष्ठ अधिकारी होते. आत्या मेहरबाई यांचा विवाह सर दोराबजी टाटा यांच्याशी झाल्याने टाटा घराण्याशी भाभांचे निकटचे नाते होते. पुढे हेच नाते एका मोठ्या संस्थेच्या पायाभरणीस उपयोगी पडले.

कॅथेड्रल अँड जॉन कॉनन स्कूल, एल्फिन्स्टन महाविद्यालय आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स येथे शिक्षण घेतल्यावर १९२७ साली भाभा केंब्रिजच्या गॉन्व्हिल अँड कीज महाविद्यालयात दाखल झाले. मुलाने अभियंता होऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात काम करावे, अशी घरच्यांची इच्छा होती. भाभांचा ओढा मात्र भौतिकशास्त्राकडे होता. अभियांत्रिकीची परीक्षा प्रथम वर्गात उत्तीर्ण झाल्यास गणिताच्या अभ्यासासाठी पुढे राहता येईल, या अटीवर वडिलांनी संमती दिली. १९३० साली त्यांनी ही अट पूर्ण केली आणि दोन वर्षांनी गणिताची ट्रायपॉस परीक्षाही प्रथम वर्गात उत्तीर्ण केली. १९३५ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली.

संशोधन

भाभांच्या संशोधनाचा मुख्य विषय वैश्विक किरण हा होता. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांच्या परस्पर विकिरणाचे गणित त्यांनी मांडले. ही प्रक्रिया आज भाभा विकिरण या नावाने ओळखली जाते. १९३७ साली वॉल्टर हाइटलर यांच्यासह त्यांनी वैश्विक किरणांच्या वर्षावाचा सिद्धान्त प्रसिद्ध केला. अवकाशातून आलेला अतिऊर्जावान इलेक्ट्रॉन वातावरणात शिरताच प्रकाशकण बाहेर टाकतो, त्या प्रकाशकणापासून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी निर्माण होते, ती जोडी पुन्हा प्रकाशकण टाकते आणि अशा रीतीने एका कणापासून कणांची सर निर्माण होते, असे हे स्पष्टीकरण होते. मेसॉन हे नाव रूढ होण्यातही भाभांचा वाटा होता.

१९३९ साली ते सुटीसाठी भारतात आले असता दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि केंब्रिजला परतणे लांबले. बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेत ते काम करू लागले. तेथे भौतिकशास्त्र विभागाचे प्रमुख सी.व्ही. रामन होते. १९४१ साली भाभांची रॉयल सोसायटीचे सदस्य म्हणून निवड झाली. युद्ध नसते तर भाभा कदाचित केंब्रिजचेच होऊन राहिले असते.

संस्थांची उभारणी

मार्च १९४४ मध्ये भाभांनी सर दोराबजी टाटा विश्वस्त निधीला पत्र लिहून मूलभूत संशोधनासाठी संस्था काढण्याची योजना मांडली. त्या वेळी हिरोशिमा घडायला वर्षाहून अधिक काळ होता. तरीही अणुऊर्जेसाठी लागणारे तज्ज्ञ परदेशांत न शोधता देशातच तयार असावेत, हा विचार त्या योजनेत होता. १ जून, १९४५ रोजी टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे काम बंगळूरला सुरू झाले आणि त्याच वर्षी ती मुंबईत पेडर रोडवरील केनिलवर्थ या बंगल्यात आली. पुढे गेटवे ऑफ इंडियाजवळील जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत आणि १९६२ पासून कुलाब्याला समुद्रकाठी तिचा विस्तार झाला.

१० ऑगस्ट, १९४८ रोजी स्थापन झालेल्या अणुऊर्जा आयोगाचे भाभा पहिले अध्यक्ष होते. १९५४ साली तुर्भे येथे अणुऊर्जा संस्था सुरू झाली आणि ४ ऑगस्ट, १९५६ रोजी तेथील अप्सरा ही अणुभट्टी कार्यान्वित झाली. भारतात युरेनियम थोडे आणि किनाऱ्याच्या वाळूत थोरियम मुबलक, हे ध्यानी घेऊन भाभांनी तीन टप्प्यांचा कार्यक्रम आखला. तारापूरच्या वीजकेंद्रासाठी अमेरिकेशी करार त्यांच्या हयातीत झाला, मात्र ते १९६९ साली सुरू झालेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

ऑगस्ट १९५५ मध्ये जिनिव्हा येथे भरलेल्या अणुऊर्जेच्या शांततामय उपयोगांविषयीच्या पहिल्या संयुक्त राष्ट्र परिषदेचे अध्यक्षपद भाभांकडे होते. १९५४ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. ते अविवाहित होते. चित्रकला, पाश्चात्त्य अभिजात संगीत आणि बागकाम यांत त्यांना गती होती. संस्थेतील भित्तिचित्रासाठी त्यांच्याच काळात एम.एफ. हुसेन यांची निवड झाली.

एर इंडिया १०१चा अपघात

आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या वैज्ञानिक सल्लागार समितीच्या बैठकीसाठी भाभा व्हिएन्नाला निघाले होते. मुंबईहून दिल्ली, बैरूत, जिनिव्हा, पॅरिसमार्गे लंडनकडे जाणारे हे विमान बोइंग ७०७ जातीचे असून त्याचे नाव कांचनजंगा होते. विमानात १०६ प्रवासी आणि ११ कर्मचारी होते.

बैरूत सोडतानाच विमानातील दोन व्हीओआर संचांपैकी एक बंद होता आणि वैमानिकाला ते ठाऊक होते. जमिनीवरील रेडिओ केंद्रापासून आपण कोणत्या दिशेला आहोत, हे या संचावरून कळते. दोन केंद्रांच्या दिशारेषा जेथे छेदतात तेथे विमान असते. एकच संच चालू असल्यास दोन्ही दिशा एकाच क्षणी मिळत नाहीत. एकीनंतर दुसरी घ्यावी लागते आणि मधल्या वेळात वेगवान जेट विमान कित्येक मैल पुढे जाते.

२४ जानेवारी, १९६६ रोजी सकाळी विमान १९,००० फुटांवरून आल्प्स ओलांडत होते. माँ ब्लाँचे शिखर सुमारे १५,८०० फूट उंच आहे, म्हणजे त्या उंचीवर धोका नव्हता. ही उंची कायम ठेवावी, किंवा बाहेरचे स्पष्ट दिसत असल्यास ढगांच्या माथ्यापासून १,००० फूट वर राहून खाली यावे, अशी सूचना जिनिव्हाकडून मिळाली होती. वैमानिकाने आपल्या अंदाजाने विमान माँ ब्लाँच्या जवळून पुढे सरकत असल्याचे कळवले. रडारच्या पडद्यावर विमान शिखराच्या अलीकडेच होते. नियंत्रकाने ही चूक ओळखली आणि माँ ब्लाँ अजून पाच मैलांवर असल्याचे सांगितले. एवढ्यावरून वैमानिक आपला अंदाज सुधारील, असे त्याला वाटले. वैमानिकाने संदेश मिळाल्याची पोच दिली आणि विमान खाली घेणे चालू ठेवले. शिखराकडे जाणारी डोंगरधार मागे पडली, अशी त्याची समजूत झालेली होती. त्याचा अंदाज चुकला आहे, हे नियंत्रकाने स्पष्ट शब्दांत सांगितले नव्हते. पोच मिळाली, पण अर्थ पोहोचला की नाही हे तपासले गेले नाही. त्या काळच्या साध्या रडारवर विमानाची जागा दिसे, उंची दिसत नसे. त्यामुळे विमान खाली येत आहे हे नियंत्रकाला नजरेने कळण्याजोगे नव्हते.

सकाळी आठच्या सुमारास विमान शिखराच्या किंचित खाली, सुमारे ४,७५० मीटर उंचीवर पर्वतावर आदळले. सर्व ११७ जण मृत्युमुखी पडले. ३ नोव्हेंबर, १९५० रोजी एर इंडियाचेच मलबार प्रिन्सेस हे विमान याच परिसरात कोसळून ४८ जण दगावले होते.

फ्रेंच चौकशी आयोगाने दोन गोष्टींवर बोट ठेवले. एक, वैमानिकाने माँ ब्लाँच्या संदर्भातील आपली जागा चुकीची काढली. दुसरी, नियंत्रकाने केलेली दुरुस्ती पुरेशा नेमक्या शब्दांत नसल्याने वैमानिकाला ती वेगळीच समजली. दोघेही आपापल्या परीने बरोबर माहिती देत-घेत असल्याच्या समजुतीत होते, ही या अपघातातील सर्वांत अस्वस्थ करणारी बाब आहे. १९७७ साली टेनेरिफे येथे धावपट्टीवर दोन विमाने आदळून ५८३ जण दगावले. त्यानंतर रेडिओ संभाषणातील ठरावीक शब्दयोजना आणि सूचना उलट वाचून दाखवण्याची पद्धत जगभर अधिक काटेकोर झाली.

घातपाताच्या शंका

भाभांचे महत्त्व आणि त्या वेळचे अणुराजकारण यांमुळे हा घातपात असल्याचा तर्क वारंवार मांडला गेला. अमेरिकेच्या गुप्तहेर संस्थेकडेही बोट दाखवले गेले. याला आधार देणारा विश्वसनीय पुरावा पुढे आलेला नाही आणि चौकशी आयोगाने दिलेले कारण अपघात समजण्यास पुरेसे आहे.

मृत्यूनंतर

ताश्कंद येथे पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांचे निधन होऊन तेरा दिवसच झाले होते आणि अपघाताच्याच दिवशी इंदिरा गांधी यांचा पंतप्रधानपदाचा शपथविधी झाला. अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्षपद विक्रम साराभाई यांच्याकडे गेले. जानेवारी १९६७ मध्ये तुर्भे येथील संस्थेला भाभा अणुसंशोधन केंद्र हे नाव देण्यात आले.

विमानाचे अवशेष बोसाँ हिमनदीत गाडले गेले आणि बर्फ खाली सरकेल तसे ते बाहेर पडत राहिले. २०१२ साली भारतीय परराष्ट्र खात्याची टपालाची पिशवी आणि पुढच्या वर्षी एका गिर्यारोहकाला रत्नांची पेटी मिळाली. २०२० साली बर्फातून जानेवारी १९६६ची भारतीय वर्तमानपत्रे निघाली. त्यांत इंदिरा गांधींच्या निवडीची बातमी होती.