दृष्टीचे परीक्षक : डॉ. रिव्हर्स

डोळ्यांनीं पाहिलें तें खरें, असें आपण सहज मानतों. या समजुतीची कसोटी दूरदेशीं जाऊन घेणाऱ्या डॉ. विल्यम रिव्हर्स यांचें चरित्र विद्यार्थ्यांस मननीय वाटेल.

त्यांचा जन्म १८६४ सालीं इंग्लंडांतील केंट परगण्यांत झाला. वडील धर्मोपदेशक असून लोकांचा तोतरेपणा दूर करण्याचें शिक्षण देत. परंतु पुत्राची वाणी जन्मभर अडखळतच राहिली. आणखीही एक उणीव होती. पाहिलेल्या वस्तूचें चित्र जागेपणीं मनापुढें उभें करणें त्यांस जवळजवळ अशक्य होतें. अशा पुरुषानें वैद्यकाची पदवी घेऊन केंब्रिज येथें इंद्रियविज्ञान शिकविलें.

१८९८ सालीं प्रो. हॅडन यांच्या मंडळीबरोबर ते ऑस्ट्रेलिया व न्यू गिनी यांमधील टॉरेस सामुद्रधुनींत गेले. तथाकथित रानटी लोकांची इंद्रियें अलौकिक तीक्ष्ण, पण बुद्धि मंद, असा समज त्या काळीं यूरोपांत रूढ होता. मरे बेटावरील लोकांची नजर चांगली असली तरी अलौकिक नाहीं, असें रिव्हर्स यांस आढळलें.

पुढें त्यांनीं दृष्टिभ्रमाचे प्रयोग केले. सारख्या लांबीच्या दोन रेघांपैकीं एकीच्या टोकांस आंत वळलेल्या व दुसरीच्या टोकांस बाहेर फांकलेल्या लहान रेघा जोडल्या, तर दुसरी लांब भासते. या आकृतीनें इंग्रज जितके फसले तितके बेटवासी फसले नाहींत. उलट, आडव्या रेघेवर उभी केलेली तेवढीच रेघ लांब भासण्याचा भ्रम बेटवासीयांसच अधिक झाला. बुद्धीची उणीव हें कारण असतें, तर दोन्ही ठिकाणीं तेच अधिक फसले असते. १९०१-०२ मध्यें आपल्या निलगिरीवरील तोडा लोकांतही त्यांस असेंच आढळलें.

१९६६ सालीं सेगाल, कॅम्पबेल व हर्स्कोविट्स या अमेरिकन पंडितांनीं अनेक देशांतील लोकांची अशीच परीक्षा प्रसिद्ध केली. काटकोनी भिंती व चौकटी यांमध्यें वाढलेला डोळा कागदावरील रेघांतही खोलीचे कोपरे पाहतो, अशी उपपत्ति त्यांनीं मांडली. तिच्याविषयीं अद्याप वाद आहे. परंतु भ्रम सर्वत्र सारखा नसतो, हें रिव्हर्स यांनीं प्रथम दाखविलें.

पहिल्या महायुद्धांत मन खचलेल्या सैनिकांस पुष्कळ लोक भित्रे म्हणत. रिव्हर्स यांनीं १९१६-१७ मध्यें एडिंबरोजवळील क्रेगलॉकहार्ट रुग्णालयांत त्यांची कहाणी शांतपणें ऐकून घेतली व त्यांवर उपचार केले. कवि सिगफ्रिड सॅसून हे त्यांचेच रुग्ण होते. ता. ४ जून १९२२ रोजीं केंब्रिज येथें रिव्हर्स यांचें देहावसान झालें.

दुसऱ्याचा भ्रम आपणांस चटकन दिसतो. आपला मात्र सत्यच वाटतो. बालमित्रहो, परक्यास अडाणी म्हणण्यापूर्वीं आपली दृष्टि कोणत्या घरांत घडली, हें एकवार तपासून पाहावें.